जगले तर जिंकलो

नझीहाला ज्या प्रथिनानं पछाडलं होतं, त्याला धड नावही नव्हतं, नुसता एक आकडा. वाळूमाशी चावली की अंगावर व्रण होतो आणि जन्माचा वण ठेवून जातो, त्या व्रणाच्या परजीवीत हे प्रथिन सापडतं. ते तिथं करतं काय, हे अल्लालाच ठाऊक. पण सहा वर्षं ही बाई ट्यूनिसच्या प्रयोगशाळेत त्याला अडवणारं रसायन शोधत होती. दोनदा सापडलं म्हणून तिनं मकरूद, म्हणजे तिथली खजुराची मिठाई, वाटली, आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडली.

आता तिसरं रसायन हाती आलं होतं. त्यानं परजीवी पटापट मरत होते. पण प्रयोगशाळेचे प्रमुख सी लामीन एव्हाना ताकही फुंकून पीत होते.

"मरतात, त्यात काय मोठंसं?" ते म्हणाले. "फिनेलनंही मरतात. मग फिनेल टोचायचं का लोकांना? त्या प्रथिनावर घाव बसतो म्हणूनच मरतात, हे दाखव. नाहीतर सोमवारपासून दुसरं काम घे, पोरी."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. नझीहानं मग शेवटचा डाव टाकला. रसायन प्रथिनाच्या एका खाचेत जाऊन बसतं, असा तिचा अंदाज होता. तेवढी खाच बदललेले परजीवी तिनं वाढवले आणि त्यांच्यावर, आणि दुसऱ्या बाटलीतल्या साध्या परजीवींवरही, तेच रसायन घातलं. अंदाज खरा असेल, तर रसायनाला आता बसायला जागाच नाही, म्हणजे हे बदललेले परजीवी जगायला हवेत. मेले, तर ते नुसतं विष, आणि सहा वर्षं पाण्यात. ज्यांच्या मरणासाठी एवढं जिवाचं रान केलं, त्यांच्याच आयुष्यासाठी ती तीन दिवस दुआ मागत होती. आता काय म्हणावं या बाईला.

शनिवारी सकाळी सी लामीन यांनी बाटल्यांवरची नावं झाकायला लावली आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पहिल्या बाटलीत सगळे गार. दुसरीत नुसती वळवळ. नावांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढल्या, तर वळवळणारे खाच बदललेलेच निघाले. त्यांनी पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग तो साठीचा माणूस ताडकन उठला आणि दार उघडून बाहेर ओरडला, "जगले! सगळेच्या सगळे जगले!"

बाहेर बाकांवर त्वचेच्या दवाखान्याला आलेल्या बाया बसल्या होत्या. कोण जगलं याची चौकशी मागाहून. आधी एकीनं जीभ नाचवत आनंदाची किलकारी फोडली, मग बाकीच्या कशाला मागे राहतील. नझीहा दारात उभी राहून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. गालावर मोठा व्रण असलेल्या एका म्हातारीनं तिचा हात धरला.

"कोण जगलं गं?"

नझीहाची नजर त्या व्रणावर गेली. हा व्रण करणाराच जगला, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"आमचं औषध, खाला," ती म्हणाली. "औषध जगलं."

म्हातारीनं बाकावर सरकून तिला जागा करून दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून किलकारी सुरू केली.