सरकत्या दाराची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. सफारी उद्यानाच्या चारा-कोठारामागे मी उभी असते. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता तो कुठे हिरवा, कुठे तांबूस आणि कुठे नुसताच पत्रा आहे.

कारखान्यातून मी साधी गाडी म्हणूनच बाहेर पडले. मला खरे रूप दिले ते उद्यानाच्या मिस्त्रीकाकांनी. त्यांनी माझ्या खिडक्यांना बोटाएवढ्या जाड सळया जोडल्या आणि एका बाजूला पट्टीवरून सरकणारे दार बसवले.

"सिंहांच्या कुंपणात कुणाची गाडी बंद पडली, की हिला अगदी चिकटवून उभी करायची," त्यांनी चालकबाईंना समजावले होते. "माणसं त्यांच्या खिडकीतून थेट हिच्या पोटात. जमिनीला पाय लागता कामा नये."

चौदा वर्षे मी चालकबाईंच्या हाताखाली इमानाने राबले. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढल्या, तापाने फणफणलेली पाडसे दवाखान्यात पोहोचवली. लोक माझ्यासोबत फोटो काढत. मग दोन नव्याकोऱ्या पांढऱ्या गाड्या आल्या, मिस्त्रीकाका निवृत्त झाले आणि माझी रवानगी कोठारामागे झाली. माझ्यात झाडू आणि बादल्या ठेवू लागले. दाराच्या पट्टीवर गंज चढला. हिच्या दाराला वंगण हवे, असे चालकबाई दोनदा कार्यालयात जाऊन सांगून आल्या. "ती आता कुठे जाणार आहे?" असे म्हणून व्यवस्थापकांनी विषय संपवला.

आणि एका रणरणत्या दुपारी मला जावे लागले.

त्या दिवशी एक पांढरी गाडी आजारी झेब्र्याला घेऊन शहरात गेली होती. दुसरी दुरुस्तीसाठी चाके काढून ठेवलेली होती. तेवढ्यात चालकबाईंचा फोन वाजला. त्या धावत येऊन माझ्यात बसल्या आणि तो माझ्या पुढच्या फळीवर ठेवून त्यांनी मोठ्या आवाजावर लावला, म्हणून मला सारे ऐकू आले.

"आमची गाडी बंद पडलीय हो! पुढून वाफ येतेय," एक पुरुष घाईघाईने बोलत होता. "गाडीसमोर सिंहीण बसलीय. आत बायको, मुलगी आणि अकरा महिन्यांचं बाळ आहे."

"काचा किती उघड्या आहेत?"

"दोन बोटं."

"तेवढ्याच ठेवा. हॉर्न वाजवू नका. काही झालं तरी दार उघडायचं नाही. मी निघालेच."

पण त्या निघाल्या नव्हत्या. दोनदा किल्ली फिरवूनही माझ्या तोंडून नुसती कुरकुर निघाली होती. बॅटरी पार उतरली होती. बाईंनी बादल्या बाहेर फेकल्या आणि हाका मारल्या. तिकीट खिडकीवाले भाऊ धावले, माळीणबाई धावल्या. दोघांनी मला उतारावरून ढकलले. मी पहिल्यांदा आचके दिले, दुसऱ्यांदा खोकले आणि तिसऱ्यांदा सुरू झाले.

"आता आत बंद पडलीस ना, तर आपण पण अडकलो," बाई पुटपुटल्या.

कुंपणाला दोन फाटके होती. मागचे बंद झाल्याशिवाय पुढचे उघडत नसे. तेवढी मिनिटे मला युगासारखी वाटली. फोन चालूच होता. आता त्यावर आईचा आवाज आला.

"ताई, बाळ रडायचं थांबलंय. अंग भट्टीसारखं तापलंय त्याचं."

"मी उतरतो," वडील मागून ओरडले. "बाटलीभर पाणी ओततो. एका मिनिटाचं काम आहे!"

"दादा, ऐका माझं," बाई म्हणाल्या. फाटक उघडले होते आणि त्यांना पुढचे स्पष्ट दिसत होते. "समोर आहे ती कानफाटी. ती एकटी कधीच नसते. तुमच्या मागच्या चाकापाशी दुसरी दबून बसलीय. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतेय. हात दारावरून काढा."

माझ्या इंजिनाचा एक ठोका चुकला.

मी हळूहळू पुढे सरकले. फाटक्या कानाच्या त्या सिंहिणीने मान वळवली, पण ती उठली नाही. बाईंनी मला त्या गाडीला इतके लगटून उभे केले, की मध्ये वीतभरच जागा उरली. मग त्यांनी माझे दार ओढले.

ते चार बोटे सरकले आणि अडले. बाईंनी पाय टेकवून जोर लावला. दार हलेना. मित्रांनो, तेव्हा मला जी शरम वाटली, ती मी सांगू शकत नाही. याच कामासाठी मला घडवले होते!

"तेल आहे का काही? कसलंही!" बाई ओरडल्या.

आईने पिशवी उलटी केली. बाळाच्या मालिशच्या तेलाची बाटली तिने काच खाली करून फटीतून पुढे केली. बाईंनी ती सगळी पट्टीवर रिती केली, दार मागेपुढे हलवले आणि दात-ओठ खाऊन खेचले. ते किंचाळत उघडले.

त्या आवाजाने कानफाटी उठली.

"बाळ द्या!"

निपचित पडलेले बाळ आधी आले. मागोमाग आईने मुलीला पुढे केले, पण तिने खिडकीची कड घट्ट धरली.

"डोळे मीट आणि ताईंचा हात धर," आई म्हणाली.

"मिटले तर हात कसा दिसेल?"

"मग उघडे ठेव, पण माझ्याकडेच बघ," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला अलगद ओढून घेतले. मग आई आली. वडील अंगाने भरलेले; ते कमरेशी अडकले. त्याच क्षणी धप्पकन आवाज झाला. कानफाटीने पुढचे दोन्ही पंजे माझ्या नाकावर ठेवले होते. मला तिच्या श्वासाची ऊब लागली. माझे इंजिन विझू लागले. बाईंनी चालकाच्या जागेवर झेप घेऊन पाय दाबला, आई आणि मुलीने वडिलांचे हात धरून हिसका दिला आणि ते धाडकन आत कोसळले. आईने दार लावले. मी गुरगुरत मागे सरले. पंजे घसरले, पत्र्यावर पाच ओरखडे उठले.

प्रथमोपचार खोलीत डॉक्टरीणबाईंनी बाळाला ओल्या फडक्यात गुंडाळले. आम्ही सारे बाहेर होतो. बऱ्याच वेळाने आतून रडणे ऐकू आले, चांगले खणखणीत. आई मटकन माझ्या पायरीवर बसली.

वडिलांनी मान खाली घातली. "गाडीचा काटा सकाळीच लाल झाला होता. म्हटलं, पोहोचू, मग बघू."

"आमचंही तेच झालं, दादा," चालकबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक माझ्यासाठी एक फलक घेऊन आले. त्यावर 'आमची शूर जीप' असे लिहिले होते. बाईंनी तो वाचला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"साहेब, हा मागाहून लावू. आधी नवी बॅटरी आणा, वंगण आणा. आणि दर सोमवारी हिला एक फेरी."

व्यवस्थापक ओशाळले. पण सोमवारी बॅटरी आली.

मित्रांनो, तुम्ही उद्यानात आलात तर माझे कौतुक करत बसू नका. घरी जा आणि सायकलची साखळी, दाराची कडी, आईच्या शिवणयंत्राचे चाक फिरवून बघा. कुठे अडत असेल तर आजच तेल घाला. गरज पडते त्या दिवशी हातात वेळ नसतो. त्या दिवशी माझ्याही हातात नव्हता.