पट्टीच्या आतले वडे

नागसेनकाकांची ही तिसरी परीक्षा. सागरी अभयारण्य लोकांना समजावून सांगताना पहिल्या खेपेला निम्मे श्रोते झोपले होते, दुसऱ्या खेपेला निम्मे घरी गेले होते. आज चऱ्होलीच्या सोसायटीत जमलं, तरच समुद्रजीव वाचवणारी संस्था त्यांना स्वयंसेवक म्हणून मालवणला पाठवणार होती. छत्तीस वर्षं कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवर गेलेल्या काकांनी समुद्र अजून पाहिलाच नव्हता.

म्हणून त्यांनी कंपनीतली युक्ती काढली. यंत्रांभोवती असते तशी पिवळी पट्टी हॉलच्या जमिनीवर चिकटवून मोठा चौकोन आखला आणि सोसायटीची पोरं त्यात मासे म्हणून सोडली.

"हे अभयारण्य. आत मासेमारी बंद."

"भाऊ, आमच्या चऱ्होलीला समुद्र कुठं हाय?" गावच्या जुन्या शालनबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. पण समुद्रावर सहलीला आपलेच लोक जातात ना? तुमच्या नातवानं, प्रीतमनं तिथून प्रवाळ तोडून आणलं."

"व्हय. शोकेसमधी धूळ खातंय."

"पर आत धरायचंच न्हाई, तर कोळ्यानं खायचं काय?" सोपानराव म्हणाले.

या प्रश्नाचं पाच पानी उत्तर काकांना पाठ होतं. दुसऱ्या पानावर पहिली जांभई आली. कोपऱ्यात संस्थेची तनुजा वहीत काहीतरी लिहीत होती.

"नागसेन, आधी चहा," म्हणत काकांचे कंपनीतले जोडीदार ज्योतीराम उठले आणि पट्टीशी येऊन थबकले. चहा-वड्यांचं टेबल चौकोनाच्या आत होतं. आखताना काकांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

आता श्रोते बहुतेक काकांच्याच कंपनीतून निवृत्त झालेले. पिवळी पट्टी ओलांडली की मेमो, हे हाडात मुरलेलं. कुणी पाऊल टाकेना. सोपानराव मात्र जन्माचे शेतकरी, ते बिनधास्त निघाले.

"ओ! पट्टी!" तीस गळे एकदम ओरडले. सोपानराव उडी मारून मागे.

आतल्या माशांनी मात्र वड्यांचा फडशा चालवला होता. पोटं भरली, अंगात वारं शिरलं, आणि पळापळीला चौकोन पुरेना. छोटी मैत्री दोन्ही हातांत वडे घेऊन थेट पट्टीबाहेर आली. सोपानरावांनी एक वडा अलगद उचलला.

"हा भाईर आला. चालंल का?"

काकांचा चेहरा उजळला. "चालेल! हेच तुमचं उत्तर! आत कुणी छेडत नाही, म्हणून मासे खाऊनपिऊन वाढतात. जागा पुरेना झाली की बाहेर येतात. बाहेर आला तो कोळ्याचा!"

दोन मिनिटांत सगळा हॉल पट्टीकाठी दबा धरून बसला. ज्योतीरामांनी हळूच हात आत घातला, तसा शालनबाईंनी फटका दिला.

"हातच गेलाय, आजी!"

"मंग जाळं काय पायानं टाकत्यात व्हय?"

तनुजानं वही मिटली. "काका, मालवणला ही पट्टी पाण्यावर चिकटायची नाही. दुसरं काहीतरी शोधा. बुधवारी निघायचंय."

तिनं हसत चहाकडे पाऊल टाकलं.

"ताई! पट्टी!"