वरुणेचा पूल

बकुळनं आत्याचं मनगट घट्ट धरलं आणि ओल्या खडकावर आधी स्वतःचा पाय रोवला.

"आता इथे ठेव पाय. बिलकुल घाबरू नकोस."

"घाबरतंय कोण? मनगट तर तूच आवळून धरलंयस."

राजदरीच्या धबधब्याचं पाणी कड्यावरून असं कोसळत होतं की साधं बोलणंही ओरडून करावं लागे. मागे बकुळच्या शाळेच्या मुली शेणींवर बाट्या भाजत खिदळत होत्या. शाळेच्या मडमनं सहलीला घरची एक बाई आणायची मुभा दिली, आणि बकुळनं कालिंदीआत्याला लॉरीत चढवलं. थाप मारूनच.

ऐन तारुण्यात विधवा झाल्यावर आत्यानं क्षेत्रसंन्यास घेतला होता. काशीच्या पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. मरण काशीतच यावं, म्हणजे मोक्ष. पण माहेरच्या कोकणातल्या धबधब्याबद्दल ती बोलायला लागली की थांबत नसे. त्यात मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरत चाललेला. बकुळला राहवेना.

"लॉरी कपिलधारेला चाललीय, पंचक्रोशीतच," तिनं ठोकून दिलं. पहाटेच्या अंधारात गंगेवरचा राजघाटचा पूल लागला तेव्हा पंचक्रोशीतल्या लहान नदीचं नाव घेत म्हणाली, "ही वरुणा." आत्यानं नुसते हात जोडले होते.

आता एवढा गडगडाट ऐकूनही आत्या काही विचारत नव्हती. बकुळला तेच खुपत होतं.

पुढच्याच खडकावर आत्या छाती धरून मटकन बसली. ओठ पांढरे पडले.

"आत्या, ऊठ ना! आत्ताच्या आत्ता लॉरी काढायला सांगते. आपल्याला लवकर गंगा..." बकुळनं जीभ चावली.

"गंगापार मेलं की गाढवाचा जन्म," आत्या धापा टाकत म्हणाली. "तुला मीच सांगितलंय ना?"

"तुला कधी कळलं?"

"जिच्यात रोज पहाटे बुडी मारते, तिचा वास मला कळू नये? म्हणे वरुणा!"

"मग लॉरी थांबवायची ना!" बकुळ रडकुंडीला आली.

आत्यानं तोंडावरचे तुषार पुसायला पदर उचलला, आणि न पुसताच खाली सोडला. श्वास अजून बसला नव्हता.

मागून मडमच्या हाका आल्या. बकुळनं आत्याला हाताला धरून उठवलं आणि ती परतीच्या वाटेकडे वळली. आत्यानं तो हात सोडला नाही. उलट्या बाजूला, धबधब्याकडे ओढला.

"अजून थोडं पुढे ने गं. इथून नुसतं पांढरंच दिसतंय."