कांता काय शिकून आली

कांता रोहण्याला एस्टीतून उतरली, तर तिची पेटी उचलायला कोणी पुढे येण्याआधी म्हाताऱ्या आनंदाबाईनं गुडघाच पुढे केला. "डॉक्टरीणबाई, पाय पाहजो वं माहा. वाकूनच नाई राह्यला." म्हातारी थट्टा करते आहे असं वाटून कांता हसली. पण वाटेत जो भेटला त्यानं आपलं एकेक दुखणं तिच्या पदरात टाकलं. घराच्या दारापर्यंत पोचता पोचता तिचं हसू आटून गेलं.

कांता काही डॉक्टर नव्हती. अमरावतीला व्यायामशिक्षण घेऊन ती सरकारी शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनीतल्या एका विद्यापीठात गेली आणि तिथे खेळाचं शास्त्र शिकून आली. धावताना माणसाचा कोणता स्नायू आधी थकतो, कोणत्या वयाच्या पोरांना काय खेळायला द्यावं, असलं सगळं. साल त्र्याऐंशी. सेवाग्रामच्या दवाखान्यापलीकडे मोठं शिक्षण म्हणून काही असतं, हे रोहण्याच्या गावीही नव्हतं.

आई जिजाबाई चुलीपुढे बसली होती. बाप चिंधू कांता लहान असतानाच गेलेला. घरात मायलेकी दोघीच. जिजाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि "किती वाळली वं" सुरू केलं. ते थोडं ओसरल्यावर कांतानं विचारलं, "माय, मी डॉक्टर कवा झाली वं?"

जिजाबाईनं फुंकणी उचलली. चूल चांगली पेटलेली होती, तरी ती फुंकत राहिली.

"आतं खेळ शिकाले कोनी इतल्या दूर जाते का?" ती एवढंच म्हणाली.

कांताला हे फार लागलं. तिकडे बर्फात धावताना, परक्या भाषेत परीक्षा देताना तिनं मनाशी एकच धरलं होतं, की आपली माय गावात चारचौघींना कौतुकानं सांगत असेल. आणि मायला तर लाज वाटत होती! त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही. माय वाढत गेली आणि ती नको नको म्हणत गेली.

त्याच आठवड्यात बाबासाहेबांची जयंती आली. विहारापुढे मांडव पडला. समितीचे प्रेमदास मोठे हौशी गृहस्थ. त्यांनी सकाळपासून भोंग्यावर "आपल्या गावच्या डॉक्टर कांताताई" यांच्या सत्काराचा पुकारा लावला होता. कांता मांडवात बसली. खरं सांगावं, तर भर गावात माय खोटी पडणार. गप्प बसावं, तर उद्या कोणी तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर आणून टाकणार. शिवाय एवढं जिवाचं रान करून शिकलो, ते आपल्याच तोंडानं पुसून टाकायचं. काय करावं ते तिला सुचेना.

नाव पुकारलं गेलं. ती माइकपुढे उभी राहिली. "मी..." म्हणाली आणि तिची नजर बायकांमध्ये बसलेल्या मायकडे गेली.

तेव्हा जिजाबाईच उठली. पांढरं लुगडं सावरत पुढे आली.

"प्रेमदासभाऊ, हार थांबवा. थे डॉक्टर नाई हाय. मी खोटं बोलली."

मांडवात कुजबुज उठली. जिजाबाईनं तिकडे मान वळवली.

"काऊन बोलली थे बी आयका. माही पोरगी चड्डी घालून मैदानात धावे, तवा तुमीच काय काय बोलत होते, इसरले का? थे समोर होती तवा बोलले, त दूर गेल्यावर सोडलं असतं का तिले? मी एकटी कोनाकोनाचं तोंड धरू? डॉक्टरकी शिकाले गेली म्हटलं, सारे चूप बसले." मग ती लेकीकडे वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "घरी सांगतलं असतं त तुले लागलं असतं. म्हून चूल फुकत बसली."

कांताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ज्या मायवर ती हे चार दिवस मनातल्या मनात रुसून होती, ती तिच्या पाठीमागे एकटीच गावाशी लढत होती.

प्रेमदास हातात हार धरून तसेच उभे. "मंग वयनी," ते चाचरत म्हणाले, "शिकली तरी काय थे?"

"मले काय मालूम?" जिजाबाई म्हणाली. "जाऊन राह्यली होती तवा मी इचारलंच नाई. इचारलं असतं त मी रडली असती, आन् मंग थे गेली नसती."

ती तिथेच, लेकीच्या पायाशी, खाली बसली. "सांग वं बाई आतं. काय शिकून आली?"

कांतानं माइक बाजूला सारला, मायसमोर मांडी घालून बसली आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.