अडकलेला खटका

मी ड्रिल मशीन बोलतेय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. सोळा वर्षं मी भिंतींवर डोकं फोडलं आणि त्यानंतरची तीन मालकापुढे. भिंती बऱ्या. निदान त्यांना भोक तरी पडतं.

तसे सुरुवातीचे दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू? मी आले तेव्हा घराचा रंगही वाळला नव्हता. पडद्यांचे दांडे, भांड्यांची फळी, न्हाणीघरातला आरसा, सगळी भोकं माझीच. शेजारी मला मागायला आले, की मालक दारातच विचारायचा, "कुठं पाडायचंय भोक? चला, मीच येतो." मशीन कुणाच्या हाती द्यायचा नाही आणि चहाही सोडायचा नाही.

मालक ग्रंथालयात पुस्तकं बांधायचा. फाटलं की चिकटवायचं, सुटलं की दोरा घालायचा, यातच जन्म गेला. पुस्तकाला ते ठीक आहे हो. पुस्तक कुणाला चावत नाही.

मालकीणबाई शाळेचे गणवेश शिवतात. मालक निवृत्त झाल्यापासून घर चालतं ते त्यांच्याच बोटांवर. काज तर असे करतात, की पोरांनी वर्षभर ओढाताण केली तरी उसवणार नाहीत.

आता माझं दुखणं ऐका. आधी जळका वास यायला लागला. मालक म्हणाला, "गरम झाली असेल." मग आतून ठिणग्या दिसायला लागल्या. मालक म्हणाला, "जुन्या मशीनला एवढं व्हायचंच." वायर तडकली, तिला तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लागल्या. मूठ हाताला पोळायला लागली, तर या शहाण्यानं तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं. विजेच्या वस्तूला ओलं फडकं! पुढं काय बोलायचं?

आणि मग माझा खटका अडकला. दाबला की आतच. बोट काढलं तरी मी आपली गरगरतेय. दुसरा कुणी घाबरला असता. मालकानं त्यावर पद्धत काढली. हा स्टुलावर चढणार, बाई शिवण टाकून भिंतीवरच्या बटणापाशी उभ्या राहणार. हा ओरडला "चालू" की बटण खाली, "बंद" की वर. दोन माणसं मिळून एक बिघाड सांभाळत होती आणि त्याला हा काटकसर म्हणत होता.

लेकीला हे कळलं तेव्हा तिनं नवी मशीन पाठवली. बॅटरीवर चालणारी, वायरची कटकटच नाही. मालकानं ती खोक्यातून काढली, हातात तोलली आणि परत प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवली.

"अहो, वापरा की," बाई म्हणाल्या.

"अगं, ही चालतेय ना अजून!"

चालतेय! अरे बाबा, माझं दुखणं चालण्याचं नव्हतंच, थांबण्याचं होतं.

व्हायचं ते थंडीत झालं. मालक बाईंच्या शिवणाच्या खोलीत फळी बसवत होता. दोन भोकं पाडून झाली, तिसऱ्याच्या मध्येच वीज गेली. मी थांबले. मालक म्हणाला, "धर गं जरा, खिळ्यांचा डबा बघतो." बाई बटणापासून आल्या आणि मला दोन्ही हातांत घेतलं, बाळाला घेतात तसं. मला कळत होतं, बटण चालूच आहे आणि खटका आत आहे. त्या दोघांच्या ध्यानातही नव्हतं. वीज गेली म्हणजे सगळं थंड झालं, असं माणसाला वाटतं.

वीज आली.

बाईंच्या लोकरी स्वेटरची बाही मी एका दमात गुंडाळली. बाहीमागोमाग हात आला. त्या ओरडल्या. मालक बटणाकडे धावला, माझ्याच वायरीत अडकून पडला, गुडघ्यांवर सरपटत पोचला. तेवढ्या वेळात मी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख आणि खालचं मांस फाडलं होतं. पाच टाके. डॉक्टर म्हणाले, बोट वाकेल की नाही ते महिन्यानं सांगतो. त्या महिन्यात बाईंना सुई धरता येईना. गणवेशांची चळत दुसऱ्या शिंपिणीकडे गेली.

आठवडाभर मालकानं मला हात लावला नाही. मला वाटलं, अक्कल आली. आठव्या दिवशी त्यानं मला पुसलं, पट्ट्या बदलल्या आणि वरच्या मजल्यावर नुकत्याच आलेल्या भाडेकरूला हाक मारली. नवा संसार, घरात खिळाही ठोकलेला नाही.

"घेऊन जा. आम्ही आता नवी काढतोय. ही चांगली आहे, फक्त खटका जरा जड आहे."

जरा जड! त्या भल्या माणसानं हात पुढं केला, आभारही मानले.

तेवढ्यात बाई आतून आल्या. आवाज चढवला नाही. पट्टी बांधलेला हात दोघांच्या मध्ये धरला आणि म्हणाल्या, "देताय ना? मग देताना हे बोटही दाखवा."

भाडेकरूनं हात मागं घेतला. "राहू दे काका," म्हणत तो जिना चढून गेला. मालकाचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. बाई तिथंच उभ्या राहिल्या. मालकानं पक्कड आणली आणि माझी वायर मुळाशी कापली. कापताना त्याचे डोळे भरले होते. भरू देत. मला दया आली नाही. एक महिना आधी कापली असती तर बोट शाबूत राहिलं असतं.

आता मी भंगारवाल्यासाठी दारामागं ठेवलेल्या पोत्यात आहे. बाईंचं बोट अजून पुरतं वाकत नाही. काज करायला घेतात आणि निम्म्यावर सोडतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. वास येत असेल, मूठ पोळत असेल, तर ती म्हातारी झाली, तिला रजा द्या. पण बोट काढल्यावर ती थांबत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. ती घरातल्या कुणाच्या तरी हाताची वाट बघतेय. मीही तीन वर्षं बघत होते.