काळी तीनची पट्टी

त्या बुधवारी सकाळी देवराव ओट्यावर बसून बेंजोची तार बदलत होते. टाइपरायटरसारखी बटणं असलेल्या त्या लांबट वाद्याशिवाय मुकुटबनच्या आजूबाजूला भीमगीतांचा कार्यक्रम होत नसे. आत त्यांची लेक दीपा कॉलेजचे पेपर तपासत होती. तेवढ्यात शेजारी कुणीतरी मोबाइलवर संघदीपचं, देवराव ज्याला वर्षानुवर्षं साथ करत त्या गायकाचं गाणं लावलं, गावोगाव गाजलेलं. त्याखाली नावं येत, ती सगळ्यांना पाठ होती. गीत संघदीप, संगीत संघदीप, स्वर संघदीप.

देवरावांनी पक्कड खाली ठेवली. "दीपा, हे चाल तुले आठवते का? शब्दं नव्हते तवाची?"

आठवत होती. सातव्या वर्षी तिला गोवर निघाला, तेव्हा खोलीच्या दाराशी बसून बाबा हीच चाल वाजवत राहिले होते. पण दीपाच्या हातात अर्धा तपासलेला पेपर होता. शिवाय खरं सांगायचं तर, कपाटं भरून पुस्तकं वाचलेल्या या मुलीला माणसाच्या मागे शब्दच उरतात असं वाटायचं. बापाच्या बेंजोची तिला थोडी लाजच वाटत आली होती.

"थांबा बाबा, एवढा गठ्ठा होऊ द्या."

"होऊ दे," ते म्हणाले आणि तार पिळू लागले.

गुरुवारी पहाटे, अंथरुणातून उठता उठता, त्यांचं हृदय थांबलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे देवरावांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स संघदीपनं स्वतःहून छापून आणला. मधोमध तो, एक हात आभाळाकडे उंचावलेला. देवराव खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढे. पेटीवर देवरावकाकांची लेक साथ करेल, हेही त्यानंच परस्पर जाहीर केलं होतं. लोकांना असलं भावतं, हे त्याला चांगलं कळत होतं. मथुराबाईंना, दीपाच्या आईला, वाटलं होतं की पोरगी नाही म्हणेल. दीपा हो म्हणाली. लहानपणी बाबांकडून शिकलेली, फळीवर पडून राहिलेली पेटी काढून तिनं पुसली आणि रोज दुपारी दार लावून वाजवायला बसली. रडली मात्र नाही.

एक गोष्ट त्या घराला आणि साथीदारांनाच ठाऊक होती. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं संघदीपचा गळा केव्हाच बसला होता. तो मात्र स्टेजवर छाती काढून सांगायचा, "काळी तीन!" काळी तीन ही त्याची तरुणपणातली पट्टी, गाण्याची उंची. देवराव मान डोलवायचे आणि तारा उतरवलेल्या बेंजोवरून त्याहून खालच्या पांढऱ्या तीनचा सूर द्यायचे. पेटीवाला मुकाट्यानं त्यांच्यामागे यायचा. अंतऱ्याची सगळ्यात उंच ओळ आली की संघदीप हात वर करायचा आणि ती ओळ बेंजो म्हणायचा. लोकांना वाटे, ही गायकाची ऐट आहे. आपल्याला कुणीतरी सावरून घेतंय हे त्याला माहीत होतं की नाही, ते दीपाला कधी कळलं नाही. आता तिला ते कळण्याची गरजही वाटत नव्हती.

विहारासमोरच्या मंडपात दुपारी चार वाजता माणसं मावेनात. टेबलावर देवरावांचा फोटो होता, शेजारी बेंजो. संघदीपनं माइक घेतला. देवरावकाका माझ्या साथीला असायचे, साधा माणूस, माझं नाव मोठं झालं त्याचा आनंद मानायचा, असं बरंच बोलला. मग पेटीकडे वळून हसला.

"ताई, तुमी पुस्तकातले माणूस. जमन ना पेटी?"

"पट्टी सांगा, दादा."

"आपली तर काळी तीनच."

तिनं काळी तीन दिली. त्यानं तेच गावोगाव गाजलेलं गाणं धरलं.

पहिल्या ओळीलाच त्याच्या मानेच्या शिरा तट्ट झाल्या. त्यानं वळून पाहिलं, ती पेटीच्या पट्ट्यांकडेच पाहत राहिली. मथुराबाईंच्या ते ध्यानात आलं. बसल्या जागेवरून त्या हळूच म्हणाल्या, "सूर उतरव न वं." दीपानं ऐकलं आणि भाता तसाच हलवत ठेवला.

उंच ओळ आली. सवयीनं त्याचा हात वर गेला. दीपानं पेटीवरची बोटं उचलली.

माणसं वाट पाहत होती. बेंजो हारांखाली पडून होता. वर गेलेला हात किती वेळ वर राहणार? शेवटी त्यानं ती ओळ स्वतः उचलली. गळा चिरकला, दुसऱ्यांदा तर नुसता वाराच निघाला. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतले देवरावांच्या पार्टीतले म्हातारे ढोलकीवाले मात्र एकटक दीपाकडे पाहू लागले.

"पेटीचा सूर चुकला वाट्टे," तो खोकत म्हणाला.

"तुमी मांगतली तेच पट्टी हाय."

माइक त्यानं कधी खाली ठेवला, त्यालाही कळलं नसेल. दीपानं ती चाल पहिल्यापासून वाजवायला घेतली, एकाही शब्दाशिवाय. उंच ओळ तिनं बापासारखीच सावकाश चढवली आणि तिथं थांबली. माइक उचलला, फोटोकडे वळली. संघदीप दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"आठवते, बाबा," ती म्हणाली. "हे चाल तुमचीच हाय. शब्दं नव्हते तवापासून आठवते मले."