क्रम वरून आला होता

मतदान संपलं की बाकीचे कार्यकर्ते घरी जायचे, नाहीतर पबमध्ये. रामदास कचऱ्याच्या डब्यांकडे जायचा. संध्याकाळी सहाला मतदान केंद्राचं फाटक बंद झालं, की हा गडी दोन मोठ्या पिशव्या घेऊन कुंपणाला बांधलेल्या प्रचाराच्या पाट्या सोडवायला लागायचा आणि मतदारांनी टाकून दिलेली, पायाखाली आलेली प्रचाराची कार्डं वेचायचा. त्याला कुठल्याच पक्षाचं वावडं नव्हतं. डावे, उजवे, हिरवे, नुसत्या पार्किंगच्या प्रश्नावर उभे राहिलेले, सगळे त्याच्या पिशवीत गुण्यागोविंदाने नांदायचे. असं त्याने सत्तावीस वर्षं केलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुक या उपनगरातल्या त्याच्या घराच्या डबल गॅरेजमध्ये गाडी म्हणून कधी शिरली नाही.

हा नाद वडिलांचा. ते हिंगोलीला निळ्या झेंड्याच्या पक्षाचे कार्यकर्ते होते, रात्रंदिवस भिंती रंगवायचे. पुढे पक्ष फुटला, गट पडले, गटांतही गट पडले, पण वडिलांनी एकाही गटाचा बिल्ला फेकला नाही. भांडण पुढाऱ्यांचं आहे, बिल्ल्याने काय केलंय, असं म्हणायचे. ते बिल्ले पत्र्याच्या डब्यात बसून ऑस्ट्रेलियाला आले आणि त्यांच्या शेजारी व्हिक्टोरिया राज्याच्या निवडणुकांचे बिल्ले, उमेदवाराचं तोंड छापलेले भांडी पुसायचे टॉवेल, टोप्या आणि हजारभर कार्डं जमली.

मार्चमध्ये रामदास गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि अकरा आठवड्यांत खेळ आटोपला. ऑक्टोबरात त्याच्या बायकोचा, नलिनीचा, त्याचा मित्र विलास याला फोन आला. तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाला सगळा संग्रह हवा होता. फक्त प्रत्येक वस्तूचा एक फॉर्म भरायचा होता आणि माहितगार माणसाने त्यावर सही करायची होती.

"रामदास सांगून गेलाय," ती म्हणाली. "विलासलाच बोलव, त्याला पक्षांचा सगळा इतिहास पाठ आहे."

ते खरं होतं. कुठला पक्ष कोणत्या साली कोणातून फुटला, कोणी कोणाला कसं पाडलं, हे विलास झोपेतही सांगू शकला असता. मराठी मंडळाच्या दिवाळीला लोक त्याच्या शेजारची खुर्ची टाळायचे, ते काही उगाच नाही. पुण्याहून आलेला, आयटीतला, चांगल्या बँकेत नोकरी करणारा हा माणूस पंधरा वर्षं इथल्या एका मोठ्या पक्षाच्या शाखेचा सेक्रेटरी होता. आज ना उद्या आपल्याला तिकीट मिळेल, अशी त्याला आशा होती. ती आशा शाखेत त्याच्याखेरीज कोणालाच नव्हती.

रविवारी जेवण करून तो निघाला. त्याची बायको शुभदा म्हणाली, "एकटा जाऊ नकोस, मी येते." तो नको म्हणाला. त्या गॅरेजमध्ये एक कार्ड असणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते निघेल तेव्हा त्याला शेजारी बायको नको होती.

त्या कार्डाची गोष्ट अशी. या राज्यात मत देताना एका नावापुढे शिक्का मारून सुटका होत नाही. जितके उमेदवार, तितके आकडे टाकावे लागतात. आपला आवडता एक, मग दोन, असं करत नावडत्यापर्यंत. लोकांना हे डोकं खायचं काम नको असतं, म्हणून पक्षच एक कार्ड छापतो, त्यावर सगळ्यांचे आकडे टाकतो आणि मतदाराच्या हातात देतो. बरेच लोक ते बघून आकडे उतरवतात.

तीन वर्षांपूर्वीच्या राज्याच्या निवडणुकीत रामदास स्वतः अपक्ष उभा राहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांची कार्डं वेचली, एकदा आपलं छापून बघतो, म्हणाला. स्टेशनला जायच्या बसेस वाढवा, एवढीच त्याची मागणी. एकूण उमेदवार नऊ. विलासच्या पक्षाने आपलं कार्ड काढलं, त्यावर रामदासपुढे नऊ आकडा होता. लसीत विष आहे म्हणून ओरडणाऱ्या माणसापुढे आठ आणि रामदासपुढे नऊ.

मतदानाच्या दिवसाआधी दोन आठवडे केंद्र उघडं असतं. तिथे दोघं शेजारीशेजारी उभे राहून आपापली कार्डं वाटत होते, एकाच थर्मासातला चहा पीत होते. पहिल्याच सकाळी रामदासने विलासच्या हातातलं कार्ड घेऊन बघितलं.

"अरे, मी नववा?"

"वरून आलंय रे," विलास म्हणाला. "क्रम हेड ऑफिस ठरवतं. आम्हाला कोण विचारतंय."

रामदास हसला. "नो वरीज. अजून एक दे, कलेक्शनला लागेल."

झालं ते एवढंच. आता खरं काय ते सांगून टाकू. हेड ऑफिसने पहिले सहा आकडे पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, शेवटचे तीन शाखेने ठरवावेत. शाखा म्हणजे सेक्रेटरी. विलासने एका मंगळवारी लंच टाइममध्ये, सँडविच खाता खाता, ते तीन आकडे टाकले. आपला माणूस म्हणून याला वर घेतलं, असं वरच्यांनी म्हणू नये, हा एक विचार होता. आपण पंधरा वर्षं सतरंज्या उचलतोय आणि हा सरळ उमेदवार झाला, ही एक जळजळ होती. आणखी काही होतं का? नव्हतं, असं विलास स्वतःला सांगायचा. जातबीत आपल्या डोक्यात येत नाही, असं तो चारचौघांतही सांगायचा, जरा जास्तच सांगायचा. पण रामदासच्या नावापुढे शेवटचा आकडा टाकताना हात क्षणभरही अडखळला नव्हता, आणि हे मात्र तो चारचौघांत सांगत नसे.

निकालावर त्या आकड्याचा केसाइतकाही परिणाम झाला नाही. रामदासला सहाशे अकरा मतं पडली. त्याच्या हातून काही हिसकावलं गेलं असतं, तर निदान राजकारण केलं असं तरी म्हणता आलं असतं.

गॅरेजमध्ये नलिनीने टेबल मांडून ठेवलं होतं. ती लॅव्हर्टनला एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, तेव्हा नमुन्यावर चिठ्ठी कशी लावायची हे तिला कोणी शिकवायला नको. प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटाला फॉर्म टाचलेला. काय, कधीचं, कोणी तयार केलं, कोणाकडून मिळालं. ती एकेक पुढे सरकवायची, विलास माहिती सांगायचा, ती लिहायची, तो सही करायचा.

तास-दीड तास बरा गेला. एका जुन्या टोपीवरून विलासने तिला एका पक्षाच्या फुटीची सगळी कहाणी ऐकवली आणि ती हसलीसुद्धा. वडिलांच्या बिल्ल्यांचा डबा तिने बाजूला ठेवला होता. "हे देणार नाही," म्हणाली. "हे दीक्षाला." दीक्षा त्यांची मुलगी, कॅनबराला नोकरी करते. मग तिने पुढचं पाकीट सरकवलं. ते तेच कार्ड होतं.

याचा फॉर्म आधीच भरलेला होता. कोणी तयार केलं, या रकान्यात नलिनीच्या सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की हा क्रम पक्षाच्या मुख्य कार्यालयाने ठरवला, स्थानिक शाखेचा आणि तिच्या सेक्रेटरीचा यात काही हात नव्हता.

"हे रामदासने सांगितलं तसं लिहिलंय," नलिनी म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये असताना. म्हणाला, पन्नास वर्षांनी कोणी हे कार्ड बघेल, खाली कार्ड काढणारा म्हणून विलासचं नाव छापलंय, उगाच त्याला नावं ठेवतील. हे एवढं नीट लिही."

विलासने ते वाक्य दोनदा वाचलं. आणि सही केली. मी काही त्याची बाजू घेणार नाही. त्याने सही केली आणि वर त्याला हायसं वाटलं. तीन वर्षं छातीवर बसलेली गोष्ट मेलेल्या मित्राने स्वतःच्या हाताने उचलून नेली, आता ती कायमची मिटली, असं त्याला वाटलं. नलिनीने पाकीट खोक्यात ठेवलं आणि ती चहा करायला आत गेली.

चहा घेऊन आली तेव्हा ती लगेच बसली नाही.

"विलास, एक बोलायचं होतं. फोनवर बोलले नाही."

"बोल ना."

"मी तुझ्याबद्दल फार वाईट बोलले आहे. या कार्डावरून. मी रामदासला म्हटलं होतं, हे हेड ऑफिस वगैरे काही नाही, हे विलासचंच काम आहे. आपल्याला शेवटी बसवायची काही लोकांना सवय असते, ती इथे येऊन पण जात नाही, असं म्हटलं." ती खाली बघत होती. "आणि तू आज सगळी दुपार इथे बसून त्याचा कचरा निस्तरतोयस. मला लाज वाटते. सॉरी."

विलासने कप खाली ठेवला. नलिनी त्याची माफी मागत होती. सरळ मान हलवून, अगं असू दे, असं म्हणणं त्याला अगदी सोपं होतं आणि ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. ते बोलता आलं नाही, एवढीच काय ती त्याच्या बाजूची गोष्ट.

"तू बरोबर होतीस," तो म्हणाला.

तिने वर बघितलं.

"शेवटचे तीन आकडे शाखेने ठरवायचे होते. ते मी टाकले. रामदासला मी खोटं सांगितलं."

बाहेर शेजाऱ्याचं लॉन कापायचं मशीन चाललं होतं. नलिनीने जाऊन दार लोटून घेतलं. ती ओरडेल, हाकलून देईल, असं विलासला वाटत होतं, आणि तिने तसं करावं असंही वाटत होतं.

"तुला माहितीये," ती म्हणाली, "आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आम्ही फार भांडलो नाही. पण या एका गोष्टीवरून भांडलो. दोन वर्षं. तुझं नाव निघालं की मी काहीतरी बोलायचे आणि तो चिडायचा. म्हणायचा, तुझ्या मनात घाण आहे नलिनी, तुला सगळीकडे तेच दिसतं. माझा बाप आयुष्यभर सगळ्यांचे बिल्ले सांभाळत राहिला आणि तू माझ्या एका मित्राला सांभाळून घेऊ शकत नाहीस. एकदा तर दोन आठवडे आम्ही बोललो नव्हतो."

"नलिनी..."

"थांब. मग तो आजारी पडला. शेवटी शेवटी म्हटलं, कशाला आता. मी त्याच्या कॉटशी बसले आणि त्याची माफी मागितली. म्हटलं, तुझंच खरं, माझंच मन कोतं आहे, मला माणसं कळत नाहीत. त्याने माझा हात धरला. इतका खूश झाला रे तो. मग हे वाक्य सांगितलं आणि मी लिहून घेतलं." तिचा आवाज तसाच होता, फक्त सावकाश झाला होता. "माझं चुकलं नव्हतं. आणि मी माफी मागितली. ती मी आता कोणाकडून परत घेऊ?"

 विलासला रडू आलं आणि आपण इथे रडू नये हेही कळलं, कारण रडण्याचा हक्क समोरच्या बाईचा होता आणि ती रडत नव्हती.

"तो फॉर्म दे," तो म्हणाला. "मी खोडतो. खरं काय ते माझ्या हाताने लिहितो, माझ्या नावासकट. लोकांना कळू दे. वाटल्यास मराठी मंडळात पण सांगतो."

"नको."

"अगं, खोटं आहे ते."

"हो. पण ते त्याचं वाक्य आहे. त्याने मला सांगून लिहून घेतलेलं शेवटचं. त्यानंतर तो नुसता पाणी मागायचा." नलिनीने खोक्याचं झाकण लावलं आणि त्यावर चिकटपट्टी ओढली. "तुला बरं वाटावं म्हणून मी ते खोडणार नाही. ते तसंच राहील. तुझी सही पण राहू दे खाली."

"मी असा कसा राहू, नलिनी?"

"मला काय माहीत. मी जशी राहते, तसा."

अजून बावीस पाकिटं उरली होती. ती तिने पुढे ओढली आणि पेन उघडलं. संध्याकाळपर्यंत दोघं काम करत बसले, ती विचारायची, तो साल सांगायचा, पक्ष सांगायचा, सही करायचा. शेवटचं पाकीट झालं तेव्हा ती म्हणाली, मंगळवारी इतिहास मंडळाची व्हॅन येणार आहे, खोकी तेवढी दाराशी नेऊन ठेव, मला उचलवत नाहीत. विलासने एकेक करून सगळी अकरा खोकी दाराशी नेऊन ठेवली.